शेवट सांगायचा नाही

१

मी सिनेमा नेहमी शेवटाकडून बघते. आधी शेवटची दहा मिनिटं, मग सुरुवात. ऋषिराज यावरून मला चिडवतो, "लग्नाआधी तू माझा मृत्यूयोग बघितला असशील, मग पत्रिका." पण मी तरी काय करू? कुकरच्या शिट्टीनं मी दचकते. दार आपटलं की छातीत धस्स होतं आणि तासभर ते खाली बसत नाही. कोण वाचणार, कोण जाणार हे एकदा कळलं की मधल्या भानगडी मला निवांत बघता येतात.

यादी त्यातूनच सुरू झाली. बारामतीला एम. एस्सी. करताना माझ्यासारख्याच घाबरट मैत्रिणींसाठी मी ती करायचे. लग्न होऊन सांगवीला आले, तशा सासरच्या बायकाही तिच्यात आल्या. सासूबाई, म्हणजे मी ज्यांना आत्या म्हणते त्या. नणंद स्वप्नाली. शेजारच्या बानूबाई. लासुर्ण्याहून माझी आई. आणखी चार-पाच जणी. यादी फोनवरच असते. जिच्याकडे लिंक आहे तिला ती उघडते, आणि बघून झालं की नावापुढे लाल बदाम टाकायचा. प्रत्येक नावाखाली मी दोन ओळी लिहिते. 'कुत्र्याला काही होत नाही, बिनघोर बघा.' 'सासू खाष्ट आहे, पण सुधारते.' 'तिसऱ्या भागात विहीर आली की मान वळवा, गाणं लागलं की परत बघा.' बानूबाईंना वाचता येत नाही. स्वप्नाली त्यांना वाचून दाखवते, आणि त्या खरंच मान वळवतात, पार भिंतीकडे तोंड करून "झालं का गं?" विचारत बसतात.

नियम एकच. शेवट सांगायचा नाही. शेवट एकट्या मला माहीत असणार. स्वप्नालीनं एकदा एका मालिकेतला खुनी सगळ्यांना सांगून टाकला, तेव्हा मी तिचं नाव यादीतून काढलं होतं. ती माझ्याशी बोलेना. शेवटी आत्या मध्ये पडल्या.

"घे गं तिला परत, घरातलीच हाय. आन् खुनी मला पयल्याच दिशी कळला हुता, त्याचं डोळं बघून."

मला दिवस गेले, तसं आत्यांनी यादीतही लक्ष घातलं. "पोटुशी बाईनं वंगाळ बघू न्हाई. पोरावर उतरतं." मला तेच हवं होतं. खून, अपघात, भुतंखेतं, सगळं मी उडवलं. उरलं ते इतकं गोड की ऋषिराज म्हणाला, "ही यादी बघून माणसाला साखर होईल." तो माळेगावला कारखान्यावर केमिस्ट आहे. साखरेवरचे विनोद तो घरी आणतो, साखर आणत नाही.

२

सहावा महिना सरत आला होता. आत्या पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या आणि मधूनच पदरानं डोळे टिपत होत्या. कांदा असता तर मी विचारलंही नसतं.

"काय झालं आत्या?"

"काय न्हाय गं. काल ते बघितलं, तुझ्या यादीतलं. लई रडले बघ."

"कुठलं?"

"सगळ्यात खालचं."

सगळ्यात खाली एक मालिका होती, चहाची टपरी चालवणाऱ्या दोघा भावांची. तिच्यात सगळ्यात वाईट काय घडतं, तर एकदा दूध नासतं.

"त्यात रडण्यासारखं काय आहे?"

आत्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. बघत राहिल्या. लग्न झाल्यापासून आत्या माझ्याकडे बघतात आणि लगेच काहीतरी काम सांगतात. त्या दिवशी कामाचं काही निघालं नाही.

"जीव लावून निवडतीस हां, एवढं मात्र खरं," असं म्हणून त्यांनी पुन्हा लसूण घेतला.

मी यादीतल्या बायकांच्या ग्रुपवर विचारलं, 'खालचं म्हणजे चहावाल्याचंच ना?' सगळ्यांनी वाचलं. उत्तर कुणाचं नाही. माझी आई सकाळच्या फुलांच्या चित्रालाही हात जोडणारी बाई, पण तीसुद्धा गप्प. बऱ्याच वेळानं एका चुलतसासूनं लिहिलं, 'राजेश्वरी, तुझी निवड म्हणजे निवड. पोरीच्या जातीनं असं जावं.'

मी ते पुन्हा वाचायच्या आत तिनं पुसून टाकलं.

'असं जगावं' लिहायचं असेल, असं मी स्वतःला समजावलं. बोट घसरतं माणसाचं.

३

आत्यांचा फोन चार्जिंगला लावलेला होता आणि त्या गोठ्यात गेल्या होत्या. कुणाचा फोन बघायची सवय मला नाही. पण यादी माझीच होती ना. माझी यादी दुसऱ्याच्या फोनवर कशी दिसते एवढंच बघायचं होतं.

चहावाल्या भावांच्या खाली आणखी एक ओळ होती.

तिला नाव नव्हतं. नाव असायला हवं तिथं कोरी जागा, आणि पुढे बदामांची रांग. आत्या, स्वप्नाली, बानूबाई, आई, झाडून सगळ्या. खाली, जिथे मी माझ्या दोन ओळी लिहिते, तिथे लिहिलं होतं, 'तिनं पाणी मागितलं की मान वळवा. बाळ रडलं की परत बघा.'

भाषा माझी होती. 'की'च्या पुढे मी स्वल्पविराम देत नाही, तसाच दिलेला नव्हता.

मी माझा फोन शेजारी धरून बघितला. माझ्या फोनवर यादी चहावाल्यांपाशी संपत होती. बोटानं वर ढकललं तर पडदा रबरासारखा ताणला जाऊन परत येत होता.

मी आत्यांच्या फोनवर त्या कोऱ्या जागेला हात लावला, तोच मागून हात आला. मी इतकी दचकले की फोन पडला असता. आत्यांनी तो अलगद काढून घेतला. त्यांच्या हाताला शेणाचा वास होता.

"तुला न्हाय बघायचं ते."

"पण ते मी टाकलेलंच नाही, आत्या."

"पोटुशी हायेस तू," आत्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

संध्याकाळी ऋषिराजला सांगितलं. तो बूट काढत म्हणाला, "झोपेत लिहिलं असशील. परवा झोपेत तू दुधाचा हिशेब बोलत होतीस." हे पटण्यासारखं होतं. मी शास्त्र शिकलेली मुलगी आहे. गरोदरपणात विसराळूपणा येतो, हे मी वाचलेलं आहे. जे मला दिसत नाही आणि इतरांना दिसतं, ते बहुतेक फोनच्या एखाद्या सेटिंगमुळे असतं, हेही मला माहीत आहे.

झोपेत लिहिलं असेल, तर झोपेत मी बघितलंही असणार. शेवटासकट. मला फक्त ते आठवत नव्हतं.

४

दुपारी जेवल्यावर मला आतल्या खोलीत झोपवायची पद्धत पडली होती. बाहेरच्या खोलीत बायका टीव्ही लावायच्या. दाराला कडी नाही, नुसतं लोटलेलं असतं.

त्या दिवशी झोप लागेना. टीव्हीचा आवाज कमी होता, पण येत होता. गाणं नव्हतं, पार्श्वसंगीत नव्हतं. पंखा फिरत होता. भांड्याला भांडं लागत होतं. कुणीतरी चप्पल काढून पायानंच बाजूला सारली. खरं घर असतं तसं ते घर वाजत होतं, आणि मला आधी वाटलं टीव्ही बंदच आहे, हे आपलंच घर आहे. मग लक्षात आलं, आपल्या खोलीतला पंखा बंद आहे. वीज वाचवायला मीच तो बंद केला होता.

मग कुणीतरी म्हणालं, "आई, पाणी."

तो माझा आवाज होता.

रेकॉर्ड केलेला आपला आवाज आपल्याला परका वाटतो, असं म्हणतात. हा वाटला नाही. घशातून यावा तसा आला. मी तोंडावर हात ठेवला. तोंड मिटलेलंच होतं.

उठले. पोट सांभाळत दार उघडलं. आमच्या खोलीचं दार टीव्हीच्या शेजारीच उघडतं, त्यामुळे पडदा मला दिसत नव्हता. समोर बसलेल्या बायका दिसत होत्या. टीव्हीचा निळसर उजेड त्यांच्या केसांवर होता, तोंडावर नव्हता. कारण त्या सगळ्यांनी तोंडं भिंतीकडे केलेली होती. आत्या, स्वप्नाली, बानूबाई, सगळ्या, एकाच बाजूला. शाळेत शिक्षा केल्यासारख्या.

"झालं का गं?" बानूबाईंनी भिंतीला विचारलं.

"न्हाय अजून," स्वप्नाली म्हणाली. "बाळ रडंल तवा."

टीव्हीतून येणारा श्वास माझाच होता. तो मोजत बसायची मला सवय आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय, घाबरलीस की श्वास मोज. तो मध्येच थांबे, मग चुकून आठवल्यासारखा परत सुरू होई.

"स्वप्नाली," मी हाक मारली.

बानूबाई वळल्या. मला बघून त्यांनी अशी किंकाळी फोडली की गोठ्यातली म्हैस ओरडली. "आगं बया! आली! ही हितं आली!"

स्वप्नालीच्या हातून रिमोट पडला. टीव्ही बंद झाला. आत्यांनी बानूबाईंच्या पाठीत एक धपाटा घातला. "गप बस. जिती हाय ती."

मग स्वप्नाली उठली आणि म्हणाली, "वैनी, तुमाला पाणी देऊ का?" आणि लगेच तिनं जीभ चावली.

५

त्यानंतर घरातली माणसं माझ्याशी चांगली वागायला लागली. किती चांगली ते सांगता येत नाही. आत्या ताटात पहिली भाकरी मला वाढायच्या. सासरे, ज्यांनी दोन वर्षांत मला 'अगं ए' सोडून हाक मारली नव्हती, ते बाजारातून आले की विचारायचे, "राजेश्वरी, काय खावंसं वाटतंय का?" स्वप्नाली पाय चेपायची. मी नको म्हटलं तर म्हणायची, "राहू द्या की वैनी. मागनं मला वाईट वाटंल."

ऋषिराज बाथरूममध्ये हेडफोन लावून बसायला लागला. बाहेर यायचा तेव्हा डोळे लाल असायचे.

"तू बघितलंस," मी म्हटलं.

"काय?"

"ऋषिराज."

तो पलंगाच्या कडेला बसला. "अर्धाच. पहिला सीझन मला पूर्ण नाही बघवला. खरंच सांगतो."

"पहिला?"

त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. ते हसू होतं हे मला जरा वेळानं कळलं. ते माझ्यासाठी नव्हतं, कशाच्या तरी आठवणीनं आलेलं होतं, आणि त्यालाही ते नको असताना आलं होतं.

"शेवट काय आहे?" मी त्याचा शर्ट धरला. "मला काय होतं? बाळाला काय होतं?"

"नियम तुझाच आहे, राजे," तो म्हणाला. माझी बोटं एकेक करून त्यानं सोडवली. "आणि कळून काय करणार आहेस?"

सातव्यात डोहाळजेवण झालं. झोपाळ्याला उसाची वाढी, म्हणजे हिरवे शेंडे, आणि झेंडू बांधला होता. हिरवी साडी, फुलांचे दागिने, कमरपट्टा. बायका एकेक करून ओटी भरत होत्या आणि प्रत्येकीचे हात माझ्या हातात जरा जास्तच वेळ राहत होते. पेढ्याची की बर्फीची वाटी ओळखायचा खेळ असतो, मुलगा की मुलगी. मी वाटी उचलायच्या आधीच मागे कुणीतरी कुजबुजलं आणि सगळ्या गोड हसल्या. कशाला हसल्या, हे त्यांना माहीत होतं.

मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. तिथे एक मुलगी उभी होती, आत्यांच्या मामेभावाची, निकिता. मी तिला लग्नात एकदाच बघितली होती. अंगानं बारीक, हातात नव्या बांगड्या.

"वैनी, साखर कुठं असती?" तिनं विचारलं, आणि मी सांगायच्या आत, "असू द्या, असू द्या, वरच्या फळीवर, डाळीच्या डब्यामागं ना," असं म्हणून हात घालून डबा काढला.

मुंग्यांच्या भीतीनं मी साखर तिथे लपवते. आत्यांनाही रोज सापडत नाही.

"तुला कसं माहीत?"

निकिताचं तोंड उतरलं. "बघितलंय की मी."

"काय बघितलंय?"

"मला यायचं नव्हतं वैनी. आईनं पाठवलं. म्हणली, आत्तापासनं घर माहीत असू दे." तिनं डबा छातीशी धरला होता. "तुमी लई चांगल्या हाय त्यात. मी लई रडले तुमच्यासाठी."

६

विचार करायला लागले. घाबरट माणूस विचार नीट करतो, त्याला करावाच लागतो.

त्यांनी जे बघितलं ते या घरात घडतं. साखरेचा डबा या घरातला. तर मग या घरात राहायचं नाही. इतकं सोपं होतं ते. आणि त्याला भांडणही करावं लागणार नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच आहे. नवव्यात जायचं ते सातव्यात गेले, तर कोण काय म्हणणार?

आत्यांना सांगितलं. वाटलं होतं, त्या अडवतील. त्यांनी हातातली परात खाली ठेवून माझी दृष्ट काढली.

"जा की. तितंच असतं ते."

"काय असतं?"

"पयलं बाळंतपण," आत्या म्हणाल्या, पण जरा थांबून.

ऋषिराजनं गाडी काढली. निघताना आत्यांनी माझ्या कपाटाची किल्ली मागून घेतली. "कसर लागंल साड्यांना, मधनंमधनं ऊन दाखवायला पाहिजे." मी दिली. निकिता दारात उभी होती, तिनं हात हलवला.

बारामती सोडून गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली. हंगाम जोरात होता. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या, पाचटाचे तुकडे काचेवर येऊन चिकटत होते. भवानीनगर मागे पडलं, मळीचा वास गाडीत शिरला, आणि मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली. मी खिडकी खाली केली. सांगवी मागे राहिली होती. तो साखरेचा डबा, तो टीव्ही, ते लोटलेलं दार, सगळं मागे. पोटात बाळानं एक ढुशी दिली.

"लाथ मारली," मी म्हटलं.

"मारणारच," ऋषिराज म्हणाला. "लई वांड आहे." आणि लगेच हॉर्न दाबून पुढची ट्रॉली ओलांडली.

७

लासुर्ण्यात आईनं माझी खोली रंगवून घेतली होती. पूर्वी ती निळी होती. आता पिस्त्याच्या रंगाची. पडदे नवे, बारीक पिवळ्या फुलांचे. पलंगाची जागा बदललेली, पायथा दाराकडे. ऋषिराज चहा घेऊन लगेच निघाला. जाताना त्यानं मला जवळ घेतलं आणि माझ्या केसांचा वास घेतला, एखादी गोष्ट नीट लक्षात ठेवायची असते तसा.

"हा रंग कधीपासून आवडायला लागला तुला?" मी आईला विचारलं.

"असाच हाय की."

"कुठे असाच आहे?"

आई पडद्याच्या चुण्या सारख्या करत राहिली. एक चूण डावीकडे सरकवली, लांबून बघितली, परत थोडी उजवीकडे घेतली. कुठल्यातरी चित्राबरहुकूम ती खोली लावत होती, आणि ते चित्र तिच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की पलंगावरची उशी तिनं न बघता पालथी केली.

म्हणजे डबा त्या घरातला होता. पण पाणी मी आईला मागितलं होतं. आत्यांना मी कधी आई म्हणत नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"आई, इकडे बघ. शेवट सांग."

"असं करू न्हाई. तूच म्हणतीस ना?"

"मी नियम मोडला. मी केला, मीच मोडला. सांग."

ती माझ्याजवळ येऊन बसली. माझी वेणी पुढे घेतली आणि लहानपणी बांधायची तशी सोडून परत घालायला लागली.

"बाळाला काय होत न्हाय," ती म्हणाली. "काळजी करू नको. बाळ लई ग्वाड हाय. समदं येवस्थित होतंय त्याचं."

मी रडले. किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही. आठवडेच्या आठवडे छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला. आईही रडेल असं वाटलं. तिचे हात वेणीत चालत राहिले.

"आणि मी?"

आईनं वेणीचं टोक धरलं. रबर लावलं. दोनदा पिळलं.

"आई, मी?"

"आमी रडून घेतलंय गं," आई म्हणाली. "समद्यांनी. तुझ्या वडिलांनीसुदिक. दहा-दहा दिस जेवण ग्वाड लागलं न्हाय. आता किती रडायचं माणसानं? झालं ते रडून." तिनं माझ्या पाठीवर थोपटलं. "आता पुढचं बघायचं."

ती मला समजावत होती. दुःख पचवलेली बाई नव्या दुःखी बाईला समजावते तसं. आपली मुलगी गेली त्याचं.

मी उठले. बॅग उघडलेलीच नव्हती, ती तशीच उचलली. सगळं डोक्यात स्वच्छ होतं. हे घर नाही, ते घर नाही. बारामतीला जायचं, मोठ्या दवाखान्यात आजच भरती व्हायचं, भीती वाटते म्हणून सांगायचं, पाया पडायचं. ज्या खोलीत यांच्यातलं कुणी पाय ठेवलेला नाही अशा खोलीत झोपायचं, भिंतींचा रंग कुठलाही असो, पिस्त्याचा नको. चौकातल्या रिक्षावाल्याला फोन केला. "ताई, धा मिंटात आलो," तो म्हणाला.

आईनं अडवलं नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन ती टीव्हीसमोर बसली, हातात भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन.

मी ओसरीवर जायला निघाले. जायला वाट बाहेरच्या खोलीतूनच आहे. बघायचं नाही असं ठरवून मी मान वळवून चालले होते. आणि कुकरची शिट्टी झाली. मी दचकले. त्याच क्षणी कुणीतरी लहान, बारीक आवाजात "आई गं!" म्हणून दचकलं.

शिट्टी टीव्हीतली होती.

मी बघितलं.

पडद्यावर ती मघाची खोली होती, पिस्त्याच्या रंगाची. जराशी वरून दिसणारी, छताजवळून कुणीतरी बघत असावं तशी. खाली सतरंजीवर एक मुलगी बसली होती, तीनेक वर्षांची. खांदे वर ओढलेले, दोन्ही हातांच्या मुठी छातीशी. शिट्टीला घाबरून. अगदी तशी. मला आरशातसुद्धा इतकं ओळखता आलं नसतं. बाजूनं कुणाचे तरी दोन हात आले, बारीक मनगटं, बांगड्या, आणि त्यांनी तिचे कान झाकले. मुलीनं मान मागे टाकून त्या हातवालीकडे बघितलं आणि हसली. "मम्मी, अजून किती वाजणार?"

बॅगेचा पट्टा माझ्या हातात रुतत होता.

मग मुलीनं वर बघितलं. वर म्हणजे सरळ माझ्याकडे. तिचे डोळे ऋषिराजचे होते. तिनं माझ्याकडे बोट केलं.

"आजी, ही कोण?"

"कुणी न्हाय गं," टीव्हीतून आईचा आवाज आला. "जुनी हाय ती." आणि माझ्या शेजारी आई शेंगा फोडत तेच शब्द ओठांत पुटपुटली. पाठ झालेले.

मुलगी बघतच राहिली. तिला माझं तोंड आवडलं असावं. तिनं पालथ्या हातानं नाक पुसलं आणि माझ्याकडे बघून हात हलवला, कुणी शिकवलेलं नसताना.

आईनं सूप मांडीवर ओढून घेतलं आणि सरकून मला जागा दिली. मी बसले. बॅग पायाशी ठेवली.

"मागे घे जरा," मी म्हटलं. "हसली तिथपर्यंत."

"मागं कशाला? फुडं लई बोलती," आई म्हणाली. "बघ तर."

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. परत वाजला.

"जायचं हाय ना तुला?" आईनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"थांब म्हणावं त्याला," मी म्हटलं. "एवढा भाग होऊ दे."